अंगावरचं वजन

"अहो, हात वर करा," बायको म्हणाली आणि गणिताच्या सरांच्या डोक्यातून तिसरा स्वेटर खाली ओढला.

सरांना बेटावरच्या शाळेत नोकरी लागली होती. पगार बरा होता, राहायला घर होतं. पण बेट म्हणजे महागाईचं माहेरघर! साधा टॉवेल घ्यायचा तर माणसाने आधी खुर्चीवर बसून किंमत विचारावी. तेव्हा सगळं इथूनच न्यायचं ठरलं. पण बोटवाले सामानाचं भाडं वजनावर घेत.

"सामानाचं वजन करतात, माणसाचं कुठे करतात?" असं म्हणून बायकोने उपाय काढला. सहा शर्ट, चार पॅन्ट, तीन स्वेटर आणि सर्वांत वर मेहुण्याचा कोट. मूळचे सर इतके किडकिडीत, की वर्गात फळ्याकडे तोंड करून उभे राहिले तर मागच्या बाकांनाही सगळं गणित दिसे. आता मात्र ते दारातून आडवे होऊन बाहेर पडले. बायकोने स्वतः एकच हलका ड्रेस घातला. बॅगा उचलायला कुणीतरी मोकळं नको का?

धक्क्यावर मोठ्या बाई, म्हणजे शाळेच्या मुख्याध्यापिका, स्वतः आल्या होत्या. सरांना पाहताच त्यांचा चेहरा फुलला.

"वा! याला म्हणतात मास्तर! याआधीचे तिघे वारा आला की खांब धरायचे. सर, रविवारी रस्सीखेच आहे, शाळा विरुद्ध बोटवाले. अकरा वर्षं हरतोय. जिंकलो तर वर्षभर शाळेचं सामान फुकट येतं. शेवटचा गडी तुम्हीच!"

"बाई, त्याचं असं आहे..." सर म्हणाले.

"लाजू नका. तुमच्या करारावर सोमवारी सही करते. घराची किल्लीही तेव्हाच कायमची तुमची."

बायकोने सरांना कोपराने ढोसलं. सहा शर्टांतून ते सरांना लागलं नाही, पण अर्थ पोचला.

घरी आल्यावर सर कोटाच्या बटणाला हात घालणार, तोच बायको ओरडली, "खबरदार! सोमवारपर्यंत कोट अंगावरून उतरायचा नाही!"

"अगं, मी शिजतोय!"

"शिजा. नोकरी कच्ची आहे तोवर तुम्ही पक्के दिसायला हवं."

शुक्रवारी सरांनी त्याच अवतारात त्रैराशिक शिकवलं. घामाच्या धारा लागल्या होत्या. मुलं भारावून बघत राहिली. "सर गणित किती जोर लावून शिकवतात!" पहिल्या बाकावरची मुलगी म्हणाली. दुपारपर्यंत ही कीर्ती बेटभर झाली. शनिवारी भाजीवालीने सरांना येताना पाहून टोपल्या आत ओढून घेतल्या. बोटीच्या कप्तानाने तर लांबूनच अंदाज घेतला आणि आपल्या गड्यांना दोन वेळा जास्तीचं जेवण दिलं.

रविवारी सगळं बेट मैदानावर लोटलं. शाळेकडून दोन शिक्षक, शिपाई, माळी, खुद्द मोठ्या बाई आणि सगळ्यांत मागे, कमरेला दोर गुंडाळलेले सर. शिट्टी झाली. बोटवाल्यांनी पहिलाच हिसका असा दिला की कोटाची बटणं बंदुकीच्या गोळ्यांसारखी उडाली. दोर कमरेवरून खाली सरकला आणि जाताना सरांची पॅन्ट घेऊन गेला.

बायकोने डोळे मिटून घेतले. पण आत दुसरी पॅन्ट होती. दुसरा हिसका बसला, तीही घसरली. आत तिसरी!

समोरचा कप्तान हे सगळं डोळे फाडून बघत होता. "अरे," तो ओरडला, "या माणसाला शेवट आहे की नाही?"

झालं! बोटवाल्यांचा एक गडी फिसकन हसला. त्याचं पाहून दुसरा. मग कप्तानच पोट धरून खाली बसला. पोट धरायचं म्हणजे दोर सोडावा लागतो, हे त्याच्या फार उशिरा लक्षात आलं.

"ओढा!" मोठ्या बाई गरजल्या.

अकरा वर्षांनी शाळा जिंकली. पोरांनी मैदान डोक्यावर घेतलं. जल्लोष ओसरला तेव्हा मोठ्या बाई सरांसमोर येऊन उभ्या राहिल्या. सरांचा कोट गेला होता आणि स्वेटर उसवले होते. त्यातून मूळचे सर बाहेर डोकावत होते.

"सर, आत एवढेच आहात?"

"एवढाच आहे, बाई," सर मान खाली घालून म्हणाले. "उद्याच्या बोटीने जातो."

"जाता कुठे? इतक्या उकाड्यात तीन दिवस त्या कपड्यांत टिकलात. आधीचे तिघे नुसत्या सदऱ्यात टिकले नाहीत!" बाईंनी पिशवीतून करार काढला, तो पाठीवर ठेवायला शिपायाला वाकवलं आणि सोमवारची वाट न पाहता तिथेच सही ठोकली.

रात्री बायकोने करार वाचायला घेतला आणि ती इतकी हसली की तिला पाणी द्यावं लागलं. 'विषय : गणित' याच्यापुढे बाईंनी स्वहस्ते लिहिलं होतं, 'व शारीरिक शिक्षण'.

मंगळवारी सकाळी सहाला सर एकाच शर्टात मैदानावर उभे होते. समोर चाळीस पोरं. सरांनी शिट्टी फुंकली आणि किनाऱ्याच्या वाटेने स्वतःही धावायला लागले. पाहता पाहता पोरं पुढे निघून दिसेनाशी झाली. अंग हलकं वाटत होतं, वारा गार होता, आणि सर धापा टाकत का होईना, खुशीत होते.

थोड्या वेळाने त्यांना मागून पावलांचा आवाज आला. म्हणजे आपल्याही मागे कुणी आहे तर! सरांनी अभिमानाने वळून पाहिलं. तीच चाळीस पोरं होती, बेटाला अख्खी फेरी मारून आलेली.

"सर, आमची एक झाली," पहिल्या बाकावरची मुलगी त्यांच्या बरोबरीने धावत म्हणाली. "तुमच्या किती झाल्या?"

सरांनी कसाबसा श्वास घेतला.

"अपूर्णांकात सांगू का?"