कॅनमधे तोंड घालणारे माणिकतात्या

आमच्या गावच्या दूध संस्थेत माणिकतात्या मापाला बसतात. पण दूध मापायच्या आधी ते रिकाम्या कॅनमधे आख्खं तोंड घालतात आणि ओरडतात, "ओऽऽ!" मग कान लावतात. आवाज घुमला तर कॅन कोरडं. नाही घुमला तर बुडाशी पाणी राहिलंय, परत धुवा!

मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा किटली ठेवून हसतच सुटले.

"कावून हसती गं? घुमलं पायजे! घुमल्याबिगर मी दूध ओतत न्हाई."

मला तर चैनच पडेना. कॉलेजात जाऊन जाडजूड कोश काढला. घुमणे म्हणजे आवाज कोंडून परत परत उमटणे. पारवा घुमतो, ढोल घुमतो, अंगात आलेली बाई घुमते. आणि शब्द कुठनं आला? बहुतेक त्या घुम् घुम् आवाजातूनच. धावत येऊन तात्याला सांगितलं.

"कोश लिवणाऱ्यानं कंदी कॅनमदी तोंड घातलंय का?" तात्या म्हणाले. "आगं, ढोल पोकळ. अंगात येतं ते उपासाच्या दिशी. भरलेलं काय बी घुमत न्हाई. एवढं लिव त्याच्यात!"

दुष्काळात तर त्यांच्या ओरडण्याला ऊतच आला. दिसेल त्या विहिरीत "ओऽऽ!" पालीचं धरण आटलं म्हणल्यावर एसटीनं तिथं गेले, पाणी सोडायच्या कोरड्या मोरीत ओरडून आले. लोकांनी विचारलं, काय म्हणतंय धरण?

"लई घुमतंय. वाईट हाय."

चारा संपला तशी तात्यांची बायको, आमच्या काकू, दोन्ही गाया घेऊन गेवराईकडच्या चारा छावणीत राहायला गेल्या. तात्या मापाला एकटेच मागं. रोज प्रत्येकाला न विचारता सांगायचे, "पोळ्याला येती ती."

पोळ्याच्या आदल्या दिवशी काकूंचा फोन आमच्या घरी आला, कारण तात्याचा फोन कायम बंद. एक गाय आजारी, येणं जमत नाही. निरोप घेऊन मीच पळाले. दार उघडंच होतं.

आत गेले आणि बघतच राहिले. भिंतींना खिळे ठोकून वाकळा टांगलेल्या! चादरी, पोती, काकूंची जुनी लुगडीसुद्धा.

निरोप सांगितला. तात्या बराच वेळ लुगड्याचा काठ सरळ करत बसले.

"तात्या, हे काय केलंय?"

"घर लई घुमाया लागलं गं. गाया न्हाईत, कणग्या रिकाम्या. सांच्याला दारात येऊन सवयीनं म्हणतो, 'आलो गं.' तर घरच मला म्हणतंय, 'आलो गं.'"

हसायला गेले ते, पण जमलं नाही.

दारामागची भिंत तेवढी उघडी होती. मी घरी गेले, आईची जाड वाकळ काढली आणि खिळा-हातोडी घेऊन परत आले.