आजोबांचं कोपर आणि पिवळं बदक

माझा हात म्हणजे थर्मामीटर! ही फुशारकी नव्हे, माझं उभं आयुष्य बेकरीच्या भट्टीसमोर गेलंय. भट्टीच्या तोंडाशी नुसता हात धरून "आता पाव सरकवा, बिस्किटं मागाहून" असं सांगणारा माणूस मी. त्यामुळे लेक तान्हुलीला घेऊन राहायला आली आणि तिच्या सामानातून अंघोळीच्या पाण्याचं तापमान दाखवणारं पिवळं प्लॅस्टिकचं बदक निघालं, तेव्हा मला तो माझ्या सबंध कारकिर्दीचा अपमान वाटला.

"हे बदक खेळायला ठेव," मी म्हणालो. "माझ्या नातीचं पाणी माझं कोपर तपासणार!"

लेक प्रयोगशाळेत संशोधन करते. माणसाला दुखतं म्हणजे नेमकं काय होतं, हा तिचा विषय. ती हसली. "बरं. पण चुकलात बाबा, तर काम बदकाकडे."

"मंजूर!"

त्याच दुपारी गच्चीवर बसून मी पाळणा रंगवला. अंगात बिनबाह्यांचा बनियन, वर टळटळीत ऊन. बायको छत्री घेऊन आली, तर मी तिला परत पाठवलं. भट्टीच्या माणसाला ऊन काय करणार? रात्री हात चुरचुरत होते खरे, पण सांगतो कोणाला!

सकाळी टब भरला. मी मोठ्या थाटात कोपर बुडवलं.

"आई गं! उकळतंय!"

बायकोने हात घालून पाहिला. "कोमट तर आहे."

"तुझे हात भांडी घासून निबर झालेत!"

हे बोलायला नको होतं, असं तिच्या नजरेवरून लगेच कळलं. पण तोवर मी गार पाण्याचा तांब्या ओतला होता. पुन्हा कोपर, पुन्हा चटका! आणखी एक तांब्या. तरी चटकाच! असा तांब्यामागून तांब्या ओतल्यावर कुठे माझ्या कोपराला बरं वाटलं.

"आता आण तिला!"

बायकोने नातीची नुसती पावलं पाण्याला लावली. पोरीने असं काही भोकाड पसरलं की शेजारच्या घरातला रेडिओ बंद झाला.

"बघ, चटका बसला लेकराला!" असं म्हणत मी आणखी एक तांब्या गार पाणी ओतलं.

"अहो, गारठलीय ती!" बायको ओरडली आणि नातीला टॉवेलात गुंडाळून घेऊन गेली.

आता प्रश्न अब्रूचा होता. कोपर चुकणं शक्यच नव्हतं, म्हणजे गिझर बिघडलेला! मी गिझरवाल्याला फोन केला. "ताबडतोब ये, गिझर फुटायच्या बेतात आहे!" तो बिचारा धावत आला. त्याने झाकण उघडलं, टाकी रिकामी केली, न्हाणीघरात घोटाभर तळं साचलं.

"काका, गिझर ठणठणीत आहे."

"मग तुलाच काही कळत नाही!"

"काका, तुम्हाला ताप आहे का?"

एवढ्यात लेक आली. तिने माझा दंड बोटाने दाबला. मी बोंबललो. बोट उचलल्यावर तिथे आधी पांढरा ठिपका दिसला, मग लालबुंद. लेकीचे डोळे चमकले. बाप कळवळतोय आणि हिला आनंद! तिने स्वयंपाकघरात पाणी तापवून आणलं, बादलीत ते बदक सोडलं. आकडा आला सदतीस.

"कोपर घाला."

"ओय ओय!"

"आता पाय."

मी पाय घातला. अरेच्चा! छान, सुखद, कोमट! मी पुन्हा कोपर घातलं. उकळतं! पुन्हा पाय. कोमट! पाणी तेच, बादली तीच, माणूसही तोच! मी एका पायावर नाचत होतो आणि गिझरवाला पाना हातात धरून आ वासून बघत होता.

"कातडीत नसांच्या टोकांना बारीक दारं असतात," लेक म्हणाली. "एरवी चांगलं कढत लागल्याशिवाय ती उघडत नाहीत. उघडली की 'भाजलं!' अशी वर्दी मेंदूला जाते. पण तुमच्या हातांसारखी कातडी उन्हाने भाजून सुजली, की तिथे पाझरणारी रसायनं या दारांच्या कड्या सैल करतात. मग कोमट पाण्यानेही दार उघडतं."

"म्हणजे माझं कोपर खोटं बोलत नव्हतं!"

"खोटं नाही, कांगावा करत होतं. दुखरी जागा तुम्ही जपावी म्हणून."

मला फार गंमत वाटली. जन्मभर विस्तवाशी खेळलो, पण विस्तवाची वर्दी देणारा दरवान माझ्याच कातडीत बसलाय, हे ठाऊक नव्हतं! मी विचारत सुटलो. हे दार आणखी कशाने उघडतं?

"मिरचीने," लेक म्हणाली. "म्हणून तोंड भाजल्यासारखं वाटतं. खरं तर तोंड तापलेलं नसतंच." मग मला खूश करायला म्हणाली, "संध्याकाळी पाणी तुम्हीच तपासा. पायाने."

"साबणाने धुऊन!" बायकोने आतून बजावलं.

हरलेली बाजी परत हातात आली होती. संध्याकाळपर्यंत मी गप्प बसायला हवं होतं. पण समोर टोपलीत मिरच्या होत्या आणि घरात कोणाचं लक्ष नव्हतं. शास्त्र म्हटलं की पडताळा आलाच! मी एक मिरची चिरून टाचेवर चोळली. काही नाही. मग कोपरावर चोळली. काही नाही. लेकीची विद्या कच्ची, असं म्हणेपर्यंत दरवानाने एकदम सगळी दारं सताड उघडली!

माझ्या किंकाळीने नात जागी झाली आणि घर गोळा झालं.

"काय चोळलंत हाताला?" बायको.

"संशोधन," मी कसाबसा म्हणालो.

संध्याकाळी टबात बदक तरंगत होतं. मी दाराबाहेर, कोपरावर ओलं फडकं धरून उभा. "निदान पायाने तरी..."

"टाचेला बी चिकटलंय. तिथेही मिरची चोळलीत ना?" लेकीने विचारलं. मी टाच मागे लपवली.

"बदकच बरं," बायको म्हणाली. "त्याला शंका येत नाहीत!"

नात पाण्यात मजेत पाय मारत होती, एकदाही रडली नाही. मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू! बदक आपलं सदतीसवर शांत बसलेलं. मी बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिलो. त्याच्या पोटाला मिरची चोळली, तर आकडा किती येईल हो?