पेडणेकरांचा शिल्लक जामीनदार

रोज सकाळी, दूधवाल्याच्याही आधी, माझ्या दारावर टकटक व्हायची आणि बाहेरून आवाज यायचा, "दत्ता, आहेस ना?"

'कसा आहेस' नाही. 'उठलास का' पण नाही. 'आहेस ना.' मी आतून "आहे, काका" बोललो की बाहेरचा माणूस एक लांब श्वास सोडायचा. तो श्वास मला पलंगावर ऐकू यायचा. आमची सुनंदा, म्हणजे बायको, बोलायची, "माझ्या आईनेसुद्धा तुमची एवढी चौकशी नाही केली." तसं नाही. सासूबाई चौकशी करायच्या. फक्त उत्तर वेगळं यावं अशी त्यांची इच्छा असायची.

हे टकटकवाले म्हणजे पेडणेकर. भाईंदरच्या इंद्रलोक भागात, आमच्याच बिल्डिंगमध्ये वरच्या मजल्यावर एकटे राहतात. लग्नाचं राहून गेलं. का राहिलं विचारलं तर म्हणतात, "ऑर्डर टाकायला उशीर झाला." भाईंदरच्या एका स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात सगळं आयुष्य स्टोअर सांभाळलं, त्यामुळे भाषाच तशी. घरातली साखर संपली तर म्हणणार, "साखर निल आहे." सोसायटीच्या मीटिंगला चार टाळकी आली तर, "आज आवक कमी." आणि कुणी वारलं तर हळूच, "गेट पास निघाला."

मी दत्ता. रिक्षा चालवतो. शाळेत गेलो होतो, पण शाळेला ते पटलं नाही. सही तेवढी शिकलो, आणि त्या सहीनेच माझी वाट लावली.

झालं असं, की रिटायर व्हायच्या थोडं आधी पेडणेकरांनी गाडी घ्यायचं काढलं. छोटीच, पण नवी. म्हणाले, "जन्मभर दुसऱ्याचा माल आत-बाहेर केला, एक नग तरी आपल्या नावावर पाहिजे." पैसे पतपेढीतून कर्जाने काढले. पतपेढीला दोन जामीनदार लागतात. एक मोहिते, कारखान्यात त्यांच्या बाजूला बसायचे ते. दुसरा मी, कारण मी पतपेढीचा सभासद आणि रिक्षा माझ्या स्वतःच्या नावावर.

पेडणेकर म्हणाले, "दत्ता, चल, एक सही आहे." गेलो. त्या दिवशी पतपेढीत सभासदांना छत्र्या वाटत होते. मला वाटलं सही त्याचीच. मॅडमनी बोट ठेवलं तिथे तिथे सही मारली, आणि म्हटलं, "मॅडम, काळी द्या, फुलाफुलाची बायको ढापते."

मॅडम बोलल्या, "छत्रीची लाईन तिकडे आहे. तुम्ही आत्ता जामीन राहिलात."

बाहेर आल्यावर मोहित्यांनी समजावलं. "अरे, पेडणेकरने हप्ते नाही भरले तर आपण भरायचे. नाय तर तुझी रिक्षा जाईल."

"आणि तुमचं काय जाईल?"

"माझं काय, पगार आहे. तुझीच रिक्षा पहिली दिसेल, ती बाहेर उभी असते."

त्या दिवसापासून माझी झोप गेली. मी पेडणेकरांवर पाळत ठेवायला लागलो. ते गाडी काढून रविवारी उत्तनला मासळी आणायला निघाले की मागून माझी रिक्षा. बैलगाडीने ओव्हरटेक करावं अशा स्पीडने चालवायचे. एकदा मागे पॅसेंजर होता, तो ओरडला, "भैया, मुझे शांतीनगर जाना है, ये किधर ले जा रहा है?" मी म्हटलं, "साहब, आगे वाला आदमी महंगे पापलेट ले रहा है क्या, इतना देख के छोडता हूं." त्याने भाडं दिलं नाही. पेडणेकरांनी बोंबील घेतले. मला इतका आनंद झाला की भाड्याचं दुःख वाटलं नाही.

हप्त्याच्या तारखेला मी पतपेढीसमोर रिक्षा लावून बसायचो. ते आत जाऊन भरून आले की माझ्या जिवात जीव. ते मला बघायचे, पण कधी बोलले नाहीत.

मग मोहिते गेले. सकाळी अंघोळीला पाणी काढताना बसले ते बसलेच. भाईंदर पश्चिमेच्या स्मशानात आम्ही सगळे उभे. पेडणेकर एकदम कोपऱ्यात. सगळं आटपलं, लोक निघाले, तेव्हा ते चालत चालत माझ्याकडे आले, मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि मोठ्याने बोलले, "आता शिल्लक एक."

सगळी माणसं वळून माझ्याकडे बघायला लागली. मोहित्यांचा मेव्हणा तर माझ्यापासून दोन पावलं बाजूला सरकला. मला वाटलं, केवढा दगड आहे हा माणूस. मित्र जळतोय, आणि ह्याला जामीनदाराची पडलीय.

पतपेढीने नवा जामीनदार आणा म्हणून सांगितलं. त्यांना कुणी मिळेना. शेवटी त्यांनी थोडे पैसे ठेव म्हणून ठेवले आणि मॅडमनी एकावर चालवून घेतलं. तो एक म्हणजे मी.

दुसऱ्या सकाळपासून टकटक चालू. "दत्ता, आहेस ना?"

आधी नुसतं विचारून जायचे. मग मला उठवून गोल्डन नेस्टच्या सर्कलपर्यंत चालायला न्यायला लागले. पायात पांढरे कॅनव्हासचे बूट, चाल मिलिटरीची. मी मागे स्लिपर फटफटवत. "हळू काका," म्हटलं की, "माल पडून राहिला की गंज धरतो." माझी तंबाखूची पुडी जप्त. रिक्षा स्टँडवर वडापाववाल्याला ताकीद, "ह्याला एकच. दुसरा मागितला तर मला फोन कर." तो नालायक खरंच फोन करायचा. महिन्यातून एकदा मला धरून डॉक्टरकडे बीपी बघायला. डॉक्टरने विचारलं, "हे तुमचे कोण?" पेडणेकर म्हणाले, "जामीनदार." डॉक्टरने दोघांचंही बीपी बघितलं.

एकदा मला डेंग्यू झाला. हॉस्पिटलमध्ये पेडणेकर खुर्ची टाकून बसले ते हललेच नाहीत. नर्स आली की विचारायचे, "आजचा प्लेटलेटचा आकडा काय? काल काय होता?" सुनंदा रडत होती, तिला बोलले, "रडू नकोस. मी स्टॉक बघतोय." मी तापात होतो, पण मला एकच कळत होतं की हा माणूस कर्जासाठी बसलाय. मी मेलो तर ह्याची गाडी अडकेल. म्हणून मी मुद्दाम कण्हायचो. जरा घाबरू दे.

ते रिटायर झाले तेव्हा तर माझी पाचावर धारण. पगार बंद, आता हप्ता कुठून भरणार? त्या महिन्यात तारखेला मी सकाळपासून पतपेढीसमोर. भाडी सोडली. दुपार झाली, पेडणेकर नाहीत. शटर अर्धं खाली आलं. मी सीटवर हात ठेवून मनातल्या मनात रिक्षाचा निरोप घेतला. तेवढ्यात गाडी आली, पेडणेकर उतरले, शटरखालून वाकून आत गेले, पाच मिनिटांत बाहेर.

"भरला ना, काका?" मी रिक्षातून उतरून धावलो.

"भरला. तू जेवलास? घाम का आलाय एवढा? हात दाखव."

भर रस्त्यात त्यांनी माझी नाडी धरली. दोघं एकमेकांना घाबरून तिथे उभे. लोकांना वाटलं भांडण आहे.

अशी वर्षं गेली, आणि शेवटचा हप्ता आला. आरटीओत जाऊन त्यांनी गाडीवरचा कर्जाचा बोजा उतरवला. संध्याकाळी पेढ्यांचा बॉक्स घेऊन आमच्या दारात. इस्त्रीचा शर्ट. आत या म्हटलं तर आले नाहीत. पेढा माझ्या हातात दिला, स्वतःच्या हाताने दिला, आणि म्हणाले, "दत्ता, सुटलास तू. आता खा काय खायचं ते."

आणि हात मिळवला. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा. मग जिन्याने वर गेले.

मी सुटलो! मी त्याच संध्याकाळी स्टँडवर जाऊन लागोपाठ तीन वडे खाल्ले. वडापाववाल्याने सवयीने फोन लावला. पलीकडून काय आलं माहीत नाही, पण त्याने फोन ठेवला आणि मला बोलला, "बोलले, खाऊ दे."

दुसऱ्या सकाळी टकटक नाही. मी मस्त पडून राहिलो. म्हणजे पडून राहिलो, पण जागा. दूधवाला आला, पेपरवाला आला, मी छताकडे बघतोय. सुनंदा बोलली, "काय ऐकताय?" म्हटलं, "कुठे काय, आराम करतोय." त्याच्या पुढच्या दिवशी तेच. नंतर तर ती पण जागी राहायला लागली. दोघं पलंगावर गप्प पडलेलो, कुणी मेल्यासारखे.

पेडणेकर दिसायचेच नाहीत. गाडी खाली तशीच उभी, वर धूळ. मी मनाला म्हटलं, बघ, काम झालं, माणूस ओळख विसरला. जगात असंच असतं.

असे दोन-तीन महिने गेले आणि मी पतपेढीत गेलो. जामीन असताना मला कर्ज मिळत नव्हतं, आता रिक्षाच्या कामाला थोडं पाहिजे होतं. मॅडमनी ओळखलं. "काय हो, तुमचे पेडणेकर बरे आहेत ना? त्यांच्यासारखा कर्जदार मी बघितला नाही. रिटायर झाले तेव्हा सगळी रक्कम हातात होती. मी बोलले, काका, एकरकमी भरून टाका, व्याज वाचेल, मोकळे व्हाल. ऐकलंच नाही. दर महिन्याला शटर पडायच्या टायमाला येणार, हप्ता भरणार, व्याजासकट."

"पण का?"

"मी पण विचारलं. तर बोलले, भरलं तर दत्ता सुटेल."

मी तुम्हाला आधीच बोललो, माझं डोकं किती आहे ते. मला सणकून राग आला. म्हणजे? मला मुद्दाम अडकवून ठेवलं? मी रस्त्यावर घाम गाळत बसलोय, रिक्षा जाईल म्हणून रात्र रात्र जागतोय, आणि ह्यांच्या खिशात पैसे? कर्जाचं विचारायचं विसरून मी तसाच रिक्षा घेऊन निघालो. वाटेत दोघांनी हात केला, थांबलो नाही. एका म्हातारीने शिवी दिली, ती पण घेतली. डोक्यात भांडण तयार करत होतो. पहिलं वाक्य हे बोलायचं, मग ते असं बोलतील, मग मी असं बोलणार.

जिना चढलो आणि त्यांच्या दारावर हाणल्यासारखी थाप मारली. तेव्हा लक्षात आलं की ह्या दारावर मी कधी थापच मारली नव्हती. गरजच पडली नव्हती. नेहमी तेच खाली यायचे.

दार उघडलं. दुपारची वेळ. अंगात बनियन, दाढी वाढलेली, आणि पायात ते पांढरे कॅनव्हासचे बूट. नाड्या नीट बांधलेल्या.

माझं पहिलं वाक्यच हरवलं. मी म्हटलं, "कुठे निघालात काय?"

त्यांनी खाली बुटांकडे बघितलं. "नाही रे. सकाळी घातले. काढायचे राहिले."

दोघं दारात. आता काय बोलणार? मला जोक मारता येतात, दुसरं काही येत नाही, आणि तेव्हा एक जोक आठवेना. मॅडम बोलल्या ते विचारू? विचारून काय उत्तर घेऊ? मग तोंडातून आपोआप निघालं, "काका, डोकं गरगरतंय माझं."

काय सांगू तुम्हाला. म्हातारा असा हलला! मला दंडाला धरून आत खेचलं, पलंगावर आडवा केला, फॅन फुल. "काय खाल्लंस? खोटं बोलू नकोस. किती?"

"तीन."

"तीन! मूर्ख! मी मोकळा सोडला म्हणजे काय, बेवारस सोडला काय?" तोंड चालू आणि हात कपाटात. एक बॉक्स काढला. बीपी बघायचं मशीन, नवंकोरं, प्लास्टिकसुद्धा फाडलेलं नाही.

"हे कधी घेतलं?"

"पहिल्या महिन्यात." माझ्याकडे न बघता ते दातांनी प्लास्टिक फाडत होते. "हप्त्याचे पैसे उरले ना. आणून ठेवलं. खाली आणायचं होतं. पण आता काय म्हणून आणू? कर्ज तर निल झालं."

पट्टा माझ्या दंडाला गुंडाळला. वेल्क्रो दोनदा चुकला. मग पट्ट्याकडे बघतच बोलले, "मोहित्याच्या बाजूला बसून जन्मभर डबा खाल्ला मी. सकाळी भेटला की पहिलं विचारायचो, काल किती नग गेले. तू बरा आहेस का, असं एकदा पण नाही विचारलं."

मशीन घुर्र करून फुगलं, दंड आवळला, मग सुस्कारा सोडत उतरलं. आकडे आले. मला इंग्रजी आकडे येतात, मीटर वाचतो मी. एकदम नॉर्मल होते. माझ्या लग्नात पण एवढे नॉर्मल नसतील.

पेडणेकरांनी आकडे बघितले. चष्मा वर करून परत बघितले. मग माझ्याकडे बघितलं, बराच वेळ. मी डोळे मिटले आणि जरासा कण्हलो.

त्यांनी पट्टा काढला, नीट गुंडाळला, मशीन बॉक्समध्ये ठेवलं.

"नवीन मशीन आहे," ते म्हणाले, "पहिल्या दिवशी ह्याच्यावर भरवसा ठेवायचा नाही. उद्या सकाळी परत बघायला लागेल."