पालथा काळा डबा

मिस्त्रींनी पैज मारली, ती आपणच जिंकणार याची त्यांना इतकी खात्री होती की हरल्यावर काय द्यायचं हे ठरवायचंच राहून गेलं!

मिस्त्री जुने व्हिडिओ गेम दुरुस्त करत. त्या दिवशी त्यांच्या टेबलावर संग्रहालयाचा 'काळा डबा' पोट उघडून पडला होता. काळा डबा हे त्या चाळीस वर्षं जुन्या गेमचं शौकिनांनी ठेवलेलं लाडकं नाव. चालू अवस्थेतला नग कुणाच्याच पाहण्यात नव्हता. हा चालू झाला, तर संग्रहालयातली उरलेली तीस यंत्रंही मिस्त्रींच्याच हाती द्यायची, असं तिथल्या बाईंनी कबूल केलं होतं. मिस्त्री तेव्हापासून जरा तरंगतच चालत.

समोर चहा पीत बसला होता मेहुणा. शाळेत कॉम्प्युटर शिकवायचा. इंटरनेटवरच्या त्या ज्ञानकोशावर, जिथे कुणीही लिहावं आणि कुणीही खोडावं, त्याचा सख्ख्या बहिणीपेक्षा जास्त विश्वास.

"दाजी, तिथे थाप टिकत नाही. दहा मिनिटांत उडवतात. पहारा असतो!"

"जुन्या गेमच्या पानावर पहारा? तिथे काळं कुत्रं फिरकत नाही! थांब, दाखवतोच."

आणि मिस्त्रींनी काळ्या डब्याच्या पानावर दोन बोटांनी टाइप केलं : 'हे यंत्र पालथे ठेवून चालवावे. सुलटे ठेवल्यास तापून बिघडते.'

दहा मिनिटं झाली. वीस झाली. तास झाला. थाप आपली जावयासारखी ऐटीत बसून!

"काय मास्तर?"

"आज सुट्टी असेल त्यांना. उद्या बघा."

उद्याही थाप जागेवरच. इथे शहाण्या माणसाने ती खोडली असती. पण जिंकलेल्या माणसाला शहाणपण सुचतंय कुठे! "आठवडाभर राहू दे," मिस्त्री म्हणाले. "तुझं नाक पुरतं कापलं जाऊ दे."

आठव्या दिवशी त्यांनी ते वाक्य खोडलं. चार मिनिटांत ते परत हजर! शिवाय त्याला आता तळटीप फुटलेली. झालं होतं असं की शौकिनांच्या एका मासिकाने ते पान वाचून 'पालथ्या डब्याचं रहस्य' असा लेख छापला होता, आणि त्या पानाने पुरावा म्हणून त्याच मासिकाचं नाव लावलं होतं. दोन दारुड्यांनी एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून ताठ उभं राहावं, तसं!

वाक्य परत आणणारा पहारेकरी 'सत्यरक्षक' या टोपणनावाने वावरत असे. त्याने खाली विचारलं, "पुरावा असलेली माहिती का खोडता?"

"कारण ती थाप आहे. मीच मारलेली!" मिस्त्रींनी लिहिलं.

"याला पुरावा?"

"अहो, थाप माझी, मला माहीत नसणार?"

"स्वतःचा अनुभव चालत नाही. छापील संदर्भ द्या."

"डबा माझ्यासमोर उघडा पडलाय! झाकणावर भोकं आहेत, उष्णता वरूनच जाते!"

"डबा हा संदर्भ नव्हे."

आणि सत्यरक्षकाने मिस्त्रींना महिनाभर लिहायला बंदी केली.

बायको स्वयंपाकघरातून म्हणाली, "अहो, खोटं लिहायला कुणी अडवलं नाही, आणि खरं लिहिलंत तर हाकलून दिलं?"

"तू गप्प बस गं."

तेवढ्यात संग्रहालयाच्या बाईंचा फोन. "मिस्त्री, शनिवारी उद्घाटन. काचेची पेटी तयार आहे. डबा पालथा ठेवायला खास लाकडी बैठकही करून घेतलीय, आणि रहस्य सांगणारी पाटीसुद्धा!"

पालथा ठेवला तर तासाभरात आतली चिप भाजून निघणार. मिस्त्रींनी सगळं कबूल केलं. थाप, पैज, मेहुणा, सगळं.

बाई हसल्या. मग हसायच्या थांबल्या. "ज्ञानकोशात आहे, मासिकात आहे, आणि ते म्हणे तुम्ही रचलंत! पालथा चालवणं जमत नसेल तर सरळ सांगा ना. दुसरा कारागीर बघते."

तीसच्या तीस यंत्रं मिस्त्रींच्या डोळ्यांसमोरून रांगेने निघून गेली.

"जमतं की!" ते म्हणाले.

पुढचे तीन दिवस मिस्त्री आपल्याच थापेची चाकरी करत होते. डब्याच्या तळाला त्यांनी बेचाळीस भोकं पाडली. आतला पंखा उलटा बसवला. पालथ्या डब्यातून खेळाची कॅसेट पडायची, म्हणून तिला चाप लावला. झाकणावर रबराचे चार पाय चिकटवले. दोन मिनिटांच्या थापेला तीन दिवसांची हमाली! शेवटी डबा पालथा असा चालू लागला, की सुलटा ठेवला तर खरोखरच तापायचा.

शनिवारी टाळ्या पडल्या. मेहुण्याने पाटी मोठ्याने वाचली आणि सगळ्यांदेखत म्हणाला, "बघा दाजी, ज्ञानकोश बरोबरच होता!"

मिस्त्रींनीही दोन टाळ्या वाजवल्या.

सोमवारी मात्र डबा मुळात ज्यांनी बनवला, ते म्हातारे इंजिनिअर जागे झाले. मासिकातला लेख वाचून त्यांचं डोकं सणकलं होतं. त्यांनी वर्तमानपत्रात मुलाखतच दिली : 'माझा डबा सुलटाच चालतो. पालथा चालेल तो बनावट!' छापील संदर्भ मिळताच सत्यरक्षकाने पान बदलून टाकलं.

बाईंचा फोन आला. आवाज बर्फासारखा. "मिस्त्री, आपला डबा बनावट आहे का? मला तपासणीचा लेखी अहवाल हवा. अस्सल आहे, आतला एकही भाग बदललेला नाही, एवढं लिहून आलं की तीस यंत्रं लगेच पाठवते."

"अहवाल कुणाचा?"

"तुमचाच. दुसरा जाणकार आहे कोण इथे?"

मिस्त्री कोरा कागद पुढे घेऊन बसले. एक ओळ लिहायची, तीस यंत्रं घ्यायची! तीन कागद त्यांनी फाडले. चौथ्यावर लिहिलं :

'यंत्र तपासले. ते अस्सल आहे. तळाची बेचाळीस भोके, उलटा पंखा व चाप हे सर्व दुरुस्ती करणाऱ्याने केलेले आहे. तो मात्र बनावट निघाला. त्याला यापुढे काम देऊ नये.'

खाली स्वच्छ अक्षरात सही केली, आणि हुद्द्याच्या जागी लिहिलं : 'तज्ज्ञ'.