घरच्या रबराचे टायर

घरजावयाने आपल्या मोटारसायकलला कुठले टायर घालावेत, हा खरं तर सासऱ्याचा विषय नव्हे. पण सिबीचं सासर केरळातल्या कांजिरप्पळ्ळीचं, आणि तिथे ज्याच्या परसात चार रबराची झाडं आहेत त्याला टायर म्हणजे घरचंच प्रकरण वाटतं. सिबीच्या सासऱ्यांची, वर्कींची, तर अख्खी टेकडी रबराची होती.

सिबीला लडाखला जायचं होतं. बँकेने कशीबशी रजा दिली होती, बायको जिन्सी मागे बसायला तयार होती. घोडं अडलं होतं टायरपाशी. उथळ नक्षीचे घेतले तर डांबरावर छान पळतात, पण खडीवर घसरतात. खोल नक्षीचे घेतले तर खडी धरून ठेवतात, पण डांबरावर गुरगुरतात आणि झिजतात. अख्खा पावसाळा डोकं खाजवून सिबीने दोन्हीकडे चालतील असे मधले टायर निवडले. ते परदेशी होते. आणि ही बातमी त्याने वर्कींच्या तोंडात कप्पा, म्हणजे उकडलेला टॅपिओका, आणि माशाचा घास असताना दिली.

"परदेशी?" वर्कींनी घास कसाबसा गिळला. "बाहेरचं रबर येतंय म्हणून इथे आमचा भाव पडतोय, आणि माझाच जावई ते माझ्याच दारात आणून उभं करणार?"

"अप्पच्चन, तिकडचे रस्ते वाईट आहेत. टायरला पकड लागते."

"पकड मला शिकवतोस? बाहेर दोरीवर काय वाळतंय? माझ्या लुंग्या?"

दोरीवर रबराच्या शीट वाळत होत्या. वाळल्या की त्यांना मागच्या धुरीघरात धुरी दिली जायची.

रविवारी चर्चमधली प्रार्थना आटोपल्यावर वर्कींनी हे दुःख रबर संघाच्या अध्यक्षांच्या, मात्तन यांच्या, कानावर घातलं. त्यांना फक्त कुरकुर करायची होती. पण मात्तन तिथल्या तिथे बाकावर उभे राहिले. "वर्कींचा जावई आपल्या रबराचे टायर घालून लडाखला जाईल!" टाळ्या पडल्या. जीपच्या झिजलेल्या टायरवर नवा थर चढवून देणारा कुरियाच्चन म्हणाला, "शीट द्या, मी चढवतो."

"पण मला..." सिबी म्हणाला.

"लाजतोय पोरगा," मात्तन म्हणाले.

चौकात फलक लागला: 'आमचं रबर हिमालयावर!' त्यावर सिबीच्या फोटोपेक्षा टायरचा फोटो मोठा होता. आता माघार घेतली असती तर सासऱ्यांना चर्चच्या पायरीवर तोंड दाखवायला जागा उरली नसती.

टायर चढले. सिबी आणि जिन्सी पुलापर्यंत चक्कर मारून आले.

"जिन्सी, गाडी डुलतेय."

"म्हणजे मी जाड झालेय?"

"अगं, टायर डुलतायत! आणि ब्रेक लावला की धुरीघराचा वास येतोय."

"मग सांग अप्पच्चनना."

"तू सांग. तुझे वडील आहेत."

"तुझे टायर आहेत."

कोणीच सांगितलं नाही. सिबीला घाटांची भीती वाटत होती, पण सासऱ्यांची त्याहून जास्त. शेवटी त्याने गुपचूप तोडुपुझाच्या एका दुकानात फोन करून ते परदेशी टायर बाजूला ठेवायला सांगितले.

निघायच्या दिवशी बँड वाजला. फादरनी पवित्र पाणी आधी टायरवर शिंपडलं, मग उरलेलं नवराबायकोवर. वर्कींचे डोळे भरून आले होते. फटाके संपेपर्यंत सिबी हात हलवत होता, आणि मग सायकलवाल्यांना पुढे जाऊ देत, डुलत डुलत तोडुपुझाला पोचला.

दुकानात स्टुलावर बसून वर्की कोरा चहा पीत होते. बाहेर त्यांची जीप उभी होती.

सिबीने चाकाकडे बोट दाखवलं. "अप्पच्चन, मी जरा हवा भरायला..."

"हवा भरायला तोडुपुझाला? तुझा फोन ऐकलाय मी."

जिन्सी हेल्मेट काढेना. वर्कींनी चहा संपवला, पेला खाली ठेवला आणि दुकानदाराकडे वळले. "परदेशीच दाखव. दुकानात असतील तेवढ्यांतले सगळ्यात चांगले." मग भिंतीकडे बघत म्हणाले, "एकच पोरगी आहे मला, सिबी."

लग्न झाल्यापासून त्यांनी जावयाला पहिल्यांदाच नावाने हाक मारली होती. सिबीला भडभडून आलं.

"आणि आपले टायर, अप्पच्चन?"

"ते इथेच राहू देत. परत येताना चढवायचे आणि मगच गावात शिरायचं."

लडाख झालं. खडी झाली, बर्फ झाला, एकदाही गाडी घसरली नाही. परतताना तोडुपुझाला टायर बदलून दोघं डुलत डुलत गावात शिरले. बँड पुन्हा वाजला. मात्तन गुडघे टेकून बसले आणि त्यांनी नक्षीवरून बोट फिरवलं.

"अहो, हिमालय करून आला, आणि एक रेघ झिजली नाही!"

सगळ्यात जास्त आश्चर्य कुरियाच्चनला वाटलं. त्याने टायरला हात लावला आणि छातीवर क्रुसाची खूण केली.

"मग ठरलं तर," फादर म्हणाले. "यंदा वेलांकण्णीच्या यात्रेला चर्चची सगळी तरुण मंडळी मोटारसायकलवर, याच टायरवर जाणार. माझीही गाडी घ्या."

लोकांनी वर्कींना खांद्यावर घ्यायचं तेवढं बाकी ठेवलं. वर्की हसत हसत सगळ्यांचे हात हातात घेत होते. गर्दी जरा पांगल्यावर त्यांनी सिबीला धुरीघराच्या आडोशाला ओढलं.

"सिबी, तोडुपुझाला फोन लाव," ते हळूच म्हणाले. "त्याला म्हणावं, गोदामाला मोठी जागा बघ."