आबांची अडलेली आरती

"कार्ट्रिज बदललं ना, की आबा समोर बसून गातायत असं वाटंल," कमळाकर म्हणाला आणि जुन्या रेकॉर्ड प्लेयरच्या दांडीखालची ती नखाएवढी, सुई धरणारी डबी सोडवू लागला.

त्याची बायको सगुणा आडवी आली. "हाय तो आवाज बरा हाय. त्याला हात लावू नका."

"अगो, आवाजाला कुठं हात लावतोय? सुई झिजलीय. ही बघ, मुंबईहून मागवलीय."

अष्टमी गावातल्या त्या दोन खोल्यांत सकाळचा नेम ठरलेला होता. निरांजन लागे, तबकडी फिरू लागे आणि सगुणाचे वडील, हमरापूरचे मूर्तिकार आबा, स्वतः रचलेली आरती गात. ती संपेपर्यंत सगुणा पाण्याचा थेंबही घेत नसे. आबांना जाऊन नऊ वर्षं झाली, पण नेम चुकला नव्हता.

सगुणाच्या लहानपणी एका रेकॉर्डिंगवाल्यानं आबांच्या कारखान्यात येऊन भरलेल्या त्या तबकडीत एका जागी मात्र 'खर्र' होई. "तिथं आबा अडले नि पुढची ओळ मी सांगितली," असं सगुणा लग्नापासून सांगत आलेली. कोण ऐकतंय! तिचा थोरला भाऊ कान्हू तर हसायचाच. काल मुक्कामाला आलेला तो आताही हसला.

"सगुणे, रेकॉर्डिंगवाल्यानं पोरी आधीच बाहेर काढलेल्या. तू अंगणात सागरगोटे खेळत होतीस."

"मी मूर्तींच्या फळीमागं लपले होते, दादा."

"असशील. खर्र करत."

सगुणा निरांजनाची वात वळू लागली. तिनं वाद सोडला म्हणजे ती हरली असं नव्हे, हे कमळाकरला ठाऊक होतं. कान्हूला नव्हतं.

कार्ट्रिज बसवून कमळाकर हात धुवायला गेला. आता त्या घरात हळदकुंकवाशिवाय नवी वस्तू कधी वापरात आली नव्हती. कुकरला लावलं होतं, शिलाई मशीनला लावलं होतं, कंपनीनं दिलेल्या भिंतीवरच्या घड्याळालाही स्टुलावर चढून लावलं होतं. सगुणानं ओलं कुंकू बोटावर घेतलं. लावायचं तर कपाळी. आणि या डबीचं कपाळ म्हणजे सुईच, दुसरं काय! तिनं मनोभावे लावलं आणि वर दोन अक्षता चिकटवल्या.

तबकडी फिरली. आबांचा आवाज स्वच्छ आला. सगळे हात जोडून उभे राहिले. आणि नेमक्या त्या जागी आबा अडकले.

"दारी उभा मी देवा... दारी उभा मी देवा... दारी उभा मी देवा..."

कमळाकरनं हात पुढे केला.

"खबरदार! आरती चालू हाय."

"अगो, सुई अडकलीय!"

"अडकू दे. मध्येच तोडायची नाय."

तेवढ्यात शेजारच्या विमलबाई जास्वंदीची फुलं घेऊन आल्या. आरती चालू दिसताच टाळ्या वाजवू लागल्या. पंधराव्यांदा आबा देवाच्या दारी उभे राहिले, तेव्हा त्यांच्या घरातून करपल्याचा वास आला.

"सगुणाताई, माझं दूध गो!"

"आरतीतून जाताय?"

विमलबाई टाळ्या वाजवत राहिल्या, फक्त रडवेल्या तोंडानं.

"सगुणे, माझी पेणची एस.टी. जाईल!" कान्हू कुजबुजला. "साठ गणपतींचे डोळे आखायचेत."

"गणपतींना कळतंय, तू आरतीत हायस ते."

"पण हे आबा पुढं जातील कवा?"

सगुणानं भावाकडे पाहिलं. सकाळपासून तिच्या पोटात पाण्याचा थेंब नव्हता. ती हळूच म्हणाली, "आबा अडले की पुढची ओळ कोण सांगायचं, दादा?"

आणि तिनं खणखणीत सूर लावला. "दे पायाशी विसावा!" मशीन मागेच अडलेलं, त्याला न जुमानता तिनं उरलेली दोन्ही कडवी म्हटली. विमलबाईंनी सुटकेच्या आनंदात सर्वांत मोठी टाळी दिली. निरांजन ओवाळून झालं, प्रसाद वाटला, तेव्हा कुठे सगुणा सुई उचलून पाणी प्याली. विमलबाई दुधाकडे धावल्या.

कमळाकरनं डोळ्यांजवळ धरून सुई पाहिली. "कुंकू? सुईला?" बारीक ब्रशनं त्यानं ती साफ केली आणि खात्रीसाठी तबकडी पुन्हा लावली. पिशवी खांद्याला अडकवून कान्हू उंबऱ्यापर्यंत गेला होता.

"दारी उभा मी देवा..." आबा अडले. या वेळी खर्र झालं नाही. फळीमागून आल्यासारखा एक बारीक आवाज स्पष्ट ऐकू आला.

"आबा, दे पायाशी विसावा! आणि दादा रंग खातोय!"

कान्हूच्या खांद्यावरून पिशवी घसरली. एस.टी. गेली ती गेलीच.

"बघितलंत?" कमळाकर हर्षानं म्हणाला. "नव्या कार्ट्रिजची कमाल!"

"कार्ट्रिजची?" सगुणानं कुंकवाचा करंडा शांतपणे मिटला. "कुंकू लावल्याबिगर माझा आवाज आला असता काय? उद्याही लावणार."