चार बोटं वर

माझी गाडी दोनच माणसांची. लाल, जुनी, शर्यतीच्या घाटाची, आणि जमिनीला इतकी चिकटून की आत बसायचं म्हणजे आधी जवळजवळ रस्त्यावर बसायचं आणि मग आत सरकायचं. आमची ही लग्नापासून तशीच सरकत आली. पण परवा तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी दवाखान्यातली एक खुर्ची दाखवून बजावलं, "याहून खाली बसायचं नाही. गुडघा जास्त वाकता कामा नये."

लगेच माझा मेहुणा, म्हणजे हिचा धाकटा भाऊ, पुढे सरसावला. (देह असा, की तो पुढे सरसावला की खोलीतली हवा मागे सरते.)

"ताई, तू माझ्याकडेच चल. माझी गाडी उंच, घराला एक पायरी नाही. दोन महिने आराम कर. दाजींना तर चहासुद्धा करता येत नाही."

चहा येत नाही हे खरं. पण दोन महिने? ती नसली तर मी चिडवायचं कुणाला, भिंतीला? मी तिथल्या तिथे जाहीर करून टाकलं, "माझी बायको माझ्याच गाडीतून माझ्याच घरी येईल!"

ही उशीला टेकून शांतपणे म्हणाली, "शुक्रवारी सकाळी गाडी दारात आणा. वाकावं लागलं नाही तर तुमच्या घरी, वाकावं लागलं तर याच्या."

झालं! मी खुर्चीच्या पायाला सुतळी लावली, बैठकीच्या उंचीवर गाठ मारली आणि घरी येऊन तीच सुतळी गाडीच्या दारापाशी जमिनीपासून वर धरली. आमची सीट गाठीच्या चार बोटं खाली. आता गाडी चार बोटं वर उचलायची, तर स्प्रिंगा बदलायला हव्यात, एवढं माझ्यासारख्या सहावी दोनदा केलेल्या माणसालाही कळतं.

मिस्त्रीने माझ्यापुढे तीन जोड मांडले.

"काका, ही आखूड, कडक. वळणावर गाडी हलत नाही."

"गाडीचं राहू दे, बायको हलते का सांग."

"मग ही घ्या, मूळ मापाची. गाडी नवी असताना होती तशी."

"आणि ती कोपऱ्यातली लांबुडकी?"

"ती खडबडीत रस्त्यांसाठी. गाडी चांगली चार बोटं वर येईल." त्याने माझ्या हातातल्या सुतळीकडे पाहिलं. "काका, स्प्रिंग गाडीचं वजन बघून घेतात. खुर्ची बघून नाही."

"तुझं लग्न झालंय?"

"नाही."

"म्हणून!"

त्याच्याकडे गाड्यांची रांग, म्हणून शुक्रवारी भल्या सकाळी तोच त्या लांबुडक्या स्प्रिंगा आणि हत्यारं घेऊन माझ्या गॅरेजात आला. शेवटचा बोल्ट आवळला, जॅक काढला, आणि गाडी अशी उभी राहिली, जणू वर्गात साहेब आलेत. सीट बरोबर गाठीला! मी मिस्त्रीला मिठी मारली (त्याच्या कपड्यांवरचं अर्धं ग्रीस माझ्या शर्टावर आलं), चावी लावली आणि गाडी मागे घेतली.

ठण्ण!

आता एक बारीकशी गोष्ट सांगायची राहिली. गॅरेज आतून चांगलं उंच आहे, पण दारावरची लोखंडी तुळई मी मुद्दाम खाली बसवून घेतली होती, माझ्या गाडीचं टप जेमतेम जाईल इतकी. कारण दर सुट्टीला मेहुणा त्याची ती उंच गाडी माझ्या सावलीत आणून लावायचा. तुळई बसली त्या दिवशीचं त्याचं तोंड आठवून मी पुढे आठवडाभर जेवताना हसत होतो.

"टायरची हवा काढू या," मिस्त्री म्हणाला.

"मग दवाखान्यात कशावर जाऊ, तुझ्या पाठीवर?"

"तर मग वजन घाला, काका. माणसं बसवा. स्प्रिंग दबेल, गाडी उतरेल."

माणसं! मी शेजारच्या मास्तरांचं दार वाजवलं. "मास्तर, जरा माझ्या गाडीवर येऊन बसता का? बॉनेटवर."

मास्तरांनी चष्म्यावरून पाहिलं. मागच्या महिन्यात मी त्यांच्या मिटलेल्या छत्रीत कागदाचे कपटे भरून ठेवले होते आणि ती त्यांनी भर चौकात उघडली होती. दार बंद. वरच्या वहिनींकडे गेलो. त्यांच्या बेलची वायर मी एकदा मास्तरांच्या घरात नेली होती. त्या दाराआडूनच म्हणाल्या, "भाऊजी, आज कुणाची पाळी?"

"वहिनी, खोटं नाही हो. हिला आणायचंय. नाही नेली गाडी तर दोन महिने ती भावाकडे जाईल."

हिचं नाव निघालं आणि दोन्ही दारं एकदम उघडली. माझ्यासाठी कुणी खिडकीसुद्धा उघडली नसती, हे मी ओळखून आहे.

मास्तर बॉनेटवर, मिस्त्री डिकीत, वहिनी आत. गाडी दोन बोटं उतरली. दोन अजून वर. आणि तेवढ्यात बगलेत ताईसाठी उशी घेऊन मेहुणा हजर. त्याने तुळई पाहिली, गाडी पाहिली, बॉनेटवरचे मास्तर पाहिले. मग पायरीवर बसून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसला.

"हस," मी म्हणालो, "पण हसून झालं की आत बस. तुझ्याएवढं वजन गावात दुसरं नाही."

तो स्टिअरिंगपाशी बसला. स्प्रिंगा कुरकुरल्या, गाडी खाली गेली, तुळईखाली कागदाएवढी फट पडली. "घे मागे! हळू! मास्तर, मान खाली!" आणि गाडी बाहेर! सगळे उतरले.

मेहुणा उतरला नाही.

"दाजी, दार लावून घ्या," तो म्हणाला, आणि गेला. माझी गाडी घेऊन. माझ्या बायकोला आणायला. स्वतःची उशी घेऊन!

मास्तर टाळ्या पिटत होते. मी मात्र पायरीवर बसलो. त्याचं घर दवाखान्याहून डावीकडे, माझं उजवीकडे. एका वळणाचा प्रश्न होता. वहिनींनी चहा दिला, तो हातात गार झाला.

तासाभराने हॉर्न वाजला. लाल गाडी गल्लीत वळली. दार उघडलं, हिने पाय बाहेर ठेवला आणि सरळ उभी राहिली. गुडघा इतकासुद्धा वाकला नाही. माझ्या डोळ्यांत काहीतरी गेलं. (गॅरेजात धूळ फार.)

"तिला इकडेच यायचं होतं," मेहुणा म्हणाला, "म्हणून आणलं."

मी त्याचा हात दोन्ही हातांत धरला. "फार उपकार झाले रे तुझे."

त्याने घाईघाईने हात सोडवून बोटं मोजली. मग मी मास्तरांचे आभार मानले, वहिनींचे मानले, मिस्त्रीचे मानले. सगळे एक पाऊल मागे सरकून ऐकत होते. पण मी मनापासून बोलत होतो. सगळ्यांना पिडलं, आणि तरी एवढी माणसं सकाळी सकाळी माझ्या गाडीवर चढली!

हिला आत खुर्चीवर बसवलं. म्हटलं, "कशा आहेत नव्या स्प्रिंगा? जाणवला का एक तरी खड्डा?"

"छे! पोटातलं पाणी हललं नाही." ही भावाकडे कौतुकाने बघत म्हणाली, "किती छान चालवतो हा! आणि मी वेडी, इतकी वर्षं त्या बिचाऱ्या जुन्या स्प्रिंगांनाच दोष देत होते."